सोलापूरहून समुद्राकाठी चार दिवस, फक्त बसायला: कुठे जावं, कोणत्या तिथीला?

जुळेसोलापूरकर:
जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की चार दिवस समुद्राकाठी जायचं ठरतंय. बोटिंग वगैरे नको. सकाळ-संध्याकाळ शांत बसायचं, जप करायचा, पाणी बघायचं. सवय सिद्धेश्वर तळ्याच्या काठाची, भरती-ओहोटीतलं आम्हाला काही कळत नाही. तिघेजण आहोत, त्यातले एक सत्तरीचे. जागा कोणती, बसायची वेळ कोणती, आणि लोकांचं नेमकं काय चुकतं?

घाटवाट:
रत्नागिरी धरा. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. साधारण साडेतीनशे किलोमीटर. पहाटे निघालात तर घाट उजेडात उतरतो.
गणपतीपुळ्याला देऊळ वाळूला लागूनच आहे आणि डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची. ती जरूर करा, पण मंगळवारी, संकष्टीला आणि शनिवार-रविवारी तिथे शांतता शोधू नका. मुक्कामाला पावस बरं. रत्नागिरीच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटर, स्वामी स्वरूपानंदांचं (१९०३–१९७४) समाधिमंदिर तिथे आहे. त्यांची परंपरा नाथांची, साधना सोऽहंची. सकाळी मंदिरात, संध्याकाळी जवळच्या गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावर, असा दिवस छान बसतो. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ म्हणतात ते हेच गुळे. गर्दीही बहुतेक त्याच्याबरोबरच पुळ्याला गेली!

भांग_उधाण:
जागा झाली, आता तिथी बघा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हीच वेळ दिवसा आणि रात्री, दोन्हीकडे धरायची. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. वद्य पंचमीला वीस धरून बसलेले लोक इथेच फसतात. हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो.
म्हणजे अष्टमीला जानेवारीतला सूर्यास्त आणि भरती जवळपास एकत्र येतात. पाणी जवळ, चालणं कमी, शिवाय अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असतो म्हणून चढउतारही बेताचा. सत्तरीच्या माणसासाठी मी सप्तमी ते दशमी हेच दिवस घेईन. पौर्णिमा-अमावास्येला उलट: संध्याकाळी पाणी लांब गेलेलं, ओली वाळू मैदानासारखी मोकळी. चालत जप करायचा असेल तर ते दिवस.
बसताना वाळूवर शिंपल्यांची, काटक्यांची, वाळलेल्या शेवाळाची सगळ्यात वरची रेघ शोधा. आसन त्या रेघेच्या वर टाका. भरती चढत असताना खडकावर बसू नका: शेवाळ निसरडं असतं आणि पाणी मागून येऊन वाट तोडतं. पाय भिजवायचे तर घोट्यापर्यंतच. परतणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते, तोल तिथेच जातो. आणि दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत पण मधला पट्टा गडद, गुळगुळीत दिसतोय, तर ती जागा सुरक्षित समजू नका. तिथूनच पाणी जोरात आत जातं.

कालव:
लाटेबरोबर श्वास घ्या असं सगळे सांगतात, पण कसं ते कोणी सांगत नाही. आधी दहा लाटा नुसत्या मोजा आणि किती वेळ लागला ते बघा. एका लाटेला आठ-दहा सेकंद पडत असतील तर येताना श्वास, परतताना उच्छ्वास सहज जमतो. लाटा भराभर येत असतील तर दोन लाटांना एक श्वास. लाटा कधीच एकसारख्या येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मागे फरफटलात तर धाप लागते, गरगरतं. चुकली लाट की सोडून द्यायची. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नको. मावळत्या सूर्यावर त्राटकही (एकटक नजर लावणं) नको, डोळ्याचा पडदा भाजतो.
सूर्यबिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडायला जेमतेम सव्वादोन मिनिटं लागतात. गंमत अशी की ते टेकलेलं दिसतं तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेत किरण वाकतात म्हणून तो आपल्याला दिसतो. एक करून बघा. कोरड्या वाळूवर पालथे पडून बघा, आणि शेवटची कड गेली की लगेच उभे राहा. ती कड चार-पाच सेकंद पुन्हा दिसते! डोळे वाळूपासून वीतभर वर असताना क्षितिज दीडेक किलोमीटरवर असतं, उभं राहिलं की साडेचारवर जातं. क्षितिजावर धुरकट पट्टा असला तर मात्र सूर्य त्यातच विरतो, मग हे जमत नाही.
ओहोटीला ओल्या वाळूत मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगा दिसतील, मधल्या भोकापासून किरणांसारख्या बाहेर निघालेल्या. छोट्या खेकड्यांचं काम ते. वाळू तोंडात घ्यायची, खाण्याजोगं गाळून ठेवायचं, उरलेली गोळी करून मागे टाकायची. अंगणातली ठिपक्यांची रांगोळीच. जवळ जाऊन दहा मिनिटं न हलता बसलात तर खेकडा बाहेर येतो. सावली हलली की आत. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं, ओहोटीला तो पुन्हा पहिल्यापासून मांडतो.

जुळेसोलापूरकर:
आभारी आहे. मग अष्टमी धरूनच खोली घेतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर नेली तर चार दिवस टिकेल ना?

घाटवाट:
चटणी टिकेल, चमचा तेवढा कोरडा ठेवा. भाकरी मात्र कापडात बांधून नेऊ नका. तिथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी ती चामड्यासारखी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि मऊ पडलीच तर कोरड्या तव्यावर दोन मिनिटं ठेवा.