चाळिशीत नोकरी सोडून आर्थिक नियोजनात येणाऱ्यांना शिकवायचं कुणी?

कृष्णाकाठ
गेली २२ वर्षं सांगलीच्या विश्रामबागेत म्युच्युअल फंड आणि विम्याचं काम करतोय. हल्ली दर महिन्याला कुणी ना कुणी विचारायला येतं. औषध कंपनीचे एमआर, कारखान्यातले अकाउंटंट, खासगी शाळेतल्या शिक्षिका. "या लाइनला यायचंय, परीक्षा देऊ का?" परीक्षेचं काय, म्युच्युअल फंड विकायला लागणारी एनआयएसएमची व्ही-ए म्हणजे १०० पैकी ५० ला पास. महिनाभर बसलं की निघते. एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, हातात पडला की माणूस पहिला फॉर्म घेऊन मेव्हण्याकडे जातो, आणि तिथंच घोळ होतो.

माझं म्हणणं, अशा माणसाला जुन्या माणसानं किमान दीड वर्ष शेजारी खुर्ची टाकून बसवावं. तेही पगार देऊन.

गेल्या वर्षी एकाला बसवलं. हिशेबाला पक्का. मी बाहेरगावी असताना कवठेमहांकाळचे द्राक्षबागायतदार आले. त्यांची यानं दर महिन्याच्या ५ तारखेला १०,००० ची एसआयपी लावून दिली. जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही हप्ते बाऊन्स, बँकेचा दंड वेगळा. बेदाणा अजून कोल्ड स्टोरेजला, आणि हातातला पैसा खरड छाटणीनंतरच्या औषधांत गेलेला. मग त्याला तासगावला बेदाण्याच्या सौद्याला, म्हणजे लिलावाला, नेलं. व्यापारी तळहातावर बेदाणा घेऊन रंग बघतो, दर बोलतो आणि शेतकरी मान खाली घालून ऐकतो, हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं. आता तेच बागायतदार सौद्याचे पैसे आले की लिक्विड फंडात, म्हणजे हवे तेव्हा काढता येणाऱ्या कमी जोखमीच्या फंडात, टाकतात, आणि तिथून दरमहा ठरलेली रक्कम एसटीपीनं आपोआप इक्विटीत, म्हणजे शेअरच्या फंडात, जाते. ही मांडणी त्या पोरानंच सुचवली.

मिरज_जंक्शन
दादा, मन मोठं आहे तुमचं, पण आकडे मांडा. नव्या माणसानं मर मर करून १ कोटी गोळा केले आणि ट्रेल, म्हणजे पैसे फंडात असेपर्यंत मिळत राहणारं कमिशन, वर्षाला पाऊण टक्का धरला, तरी वर्षाला ७५,०००. महिन्याला ६,२५०. आगाऊ कमिशन तर २०१८ पासून बंदच आहे. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याला 'ये' म्हणणं हेच मुळात चुकीचं नियोजन. आणि शिकून तयार झाला की तो आपलीच माणसं घेऊन जातो. माझ्याकडचा १४ कुटुंबं घेऊन गेला. तीन वर्षं त्याला माझ्या ताटात जेवू घातलं होतं.

हळदपेठ
मी १६ वर्षं शाळेत शिकवून या कामात आले. ज्या ताईंकडे शिकले त्यांनी सहा महिने एकही फॉर्म भरू दिला नाही. शेजारी बसून ऐकायचं आणि रात्री घरी लिहून काढायचं, एवढंच काम. एकदा एक बाई पिशवीभर पॉलिस्या घेऊन आल्या, मालक जाऊन महिना झालेला. नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव, आणि त्या आधीच वारलेल्या. ताईंनी कागद बाजूला सारले आणि आधी विचारलं, "घरात सध्या खर्चाला काय आहे?" मी तो प्रश्न वहीत लिहून ठेवलाय. पालकसभेत आईबापांचं ऐकून घेण्याची सवय मला इथं फार उपयोगी पडली. पण त्या सहा महिन्यांत मला पगार नव्हता. नवऱ्याच्या पगारावर घर चाललं म्हणून टिकले, हेही खरं.

वारणेचा_वारा
मूळ मुद्दाच चुकतोय. वितरक वेगळा, सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार वेगळा. वितरकाला स्वतःला सल्लागार म्हणवून घेता येत नाही. कमिशनवर जगणाऱ्याच्या शेजारी बसून नवा माणूस कमिशनच शिकणार. त्यापेक्षा सल्लागाराच्या एक्स-ए, एक्स-बी या परीक्षा द्या, सीएफपी हा आर्थिक नियोजनाचा अभ्यासक्रम करा आणि फी घेऊन काम करा. डिसेंबर २०२४ पासून सल्लागाराच्या नोंदणीला अनुभवाची अटही राहिलेली नाही.

कृष्णाकाठ
वारणा, शब्दाबद्दल तुमचं बरोबर. माझ्या पाटीवर 'म्युच्युअल फंड वितरक' एवढंच आहे. पण अट गेली म्हणून तर मला जास्त काळजी वाटते. परीक्षा पास झालेला माणूस उद्या थेट एखाद्या घराच्या आयुष्यभराच्या पुंजीवर बोलणार, आणि त्याच्या शेजारी कुणीच नसणार. फी घेणाऱ्याकडे बसवा, माझी ना नाही. पण बसवा.

मिरज, तुमचं दुःख समजतं. मी गेल्या वर्षी बसवलेल्या माणसाशी लेखी केलंय. महिना १२,००० आणि जत-आटपाडीकडची ६० घरं त्याच्याकडे. तिथला ट्रेल निम्मा-निम्मा. खरं सांगू, त्या घरांत मी तीन वर्षं पाऊल टाकलेलं नाही, गुडघे साथ देत नाहीत. मुलगा पुण्याला, तो या धंद्यात येणार नाही. माझ्यामागं या लोकांचा फोन उचलायला कुणीतरी हवं. आणि वर्षभराचा घरखर्च एफडीत ठेवल्याशिवाय मी त्याला राजीनामा देऊ दिला नव्हता.

मिरज_जंक्शन
एफडीची अट पटली. निम्म्या ट्रेलचं नाही पटत, ६० घरं म्हणजे थोडी नव्हेत. तरी करारात काय काय लिहिलंय ते नावं झाकून टाका. माझ्याकडं एक एमआर येऊन गेलाय, त्याला अजून हो म्हटलेलं नाही.