‘कोहेसिन’ला मराठीत काय म्हणावं?

खानापूर: दहावी मराठीतून करून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलेल्या पोरांना पेशीविभाजन समजावतोय. ‘गुणसूत्र’ त्यांना पाठ आहे, कॉलेजात कन्नडवाल्यांकडून ‘वर्णतंतू’ही कानावर पडतं. गाडी अडते ती ‘कोहेसिन’ या प्रथिनापाशी. ‘संसक्ती-प्रथिन’ चालेल का?

बेळगाव: पोरं पळून जातील सर. मी सरळ ‘डिंक-प्रथिन’ म्हणतो. दोन अर्धगुणसूत्रं, म्हणजे गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती, चिकटवून धरतं, विषय संपला.

निपाणी: डिंक काय म्हणूलास बे! एसएमसी-१, एसएमसी-३ आणि रॅड-२१ ही प्रथिनं मिळून एक कडं तयार होतं. चौथं प्रथिन रॅड-२१ला धरून असतं. दावणीच्या कड्यातून दावं ओवावं तसा डीएनए त्यातून जातो. द्विगुणनात एकाचे दोन धागे झाले की दोन्ही त्याच कड्यात अडकलेले राहतात, आणि तेव्हाच एस्को-२ हे विकर एसएमसी-३वर अॅसिटिल गट बसवून कडं पक्कं करतं. तसं झालं नाही तर वापल नावाचं प्रथिन ते उघडून मोकळं होतं. पुढे पश्चावस्थेत, म्हणजे धागे दोन टोकांना जाताना, सेपरेझ हे विकर रॅड-२१ कापतं आणि धागे सुटे होतात. डिंक म्हटल्यावर हे उघडणं-कापणं सांगणार कसं?

खानापूर: ‘कडं’ पटलं. पण पुस्तकात जनुकाभिव्यक्तीच्या (जनुक चालू-बंद होण्याच्या) धड्यातही हेच नाव येतंय, ते का?

निपाणी: कारण त्याचं दुसरं काम तिथं आहे. कोहेसिन डीएनए ओढत ओढत वळसा मोठा करतं आणि सीटीसीएफ प्रथिन बसलेलं असेल तिथं बहुधा थांबतं. त्या वळशामुळे लांबचा वर्धक (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) जनुकाच्या जवळ येतो, किंवा भलत्या जनुकापासून लांब राहतो. इथं ‘वेढणं’सुद्धा लंगडं पडतं बरं का, ‘ओढणं’च म्हणावं लागेल.

बेळगाव: मान्य. कॉर्नेलिया डी लांग सिंड्रोम या जन्मजात विकाराचं उदाहरण द्या मग. बऱ्याच रुग्णांत एनआयपीबीएल या जनुकात दोष असतो. कोहेसिनला डीएनएवर चढवणारं प्रथिन याच जनुकाचं. २००४ साली हा संबंध कळला. गंमत म्हणजे या मुलांच्या पेशींत अर्धगुणसूत्रं बहुतेक नीट जोडलेली असतात. बिघडतं ते जनुकांचं काम, ते कमी-जास्त होतं, म्हणून वाढ खुंटते, हातांत व्यंग येतं, भुवया जुळलेल्या दिसतात. माझा डिंक इथं अगदीच निरुपयोगी.

खानापूर: मग नाव ‘कोहेसिन’च ठेवतो, पेपरातही तेच येतं. फळ्यावर क्रियापदं दोन लिहीन: द्विगुणनाच्या धड्यात ‘धरून ठेवतं’, अभिव्यक्तीच्या धड्यात ‘वळसा ओढतं’.