मदत हवी आहे: कार्यशाळेसाठीच्या शिफारसपत्रात नेमकं काय लिहावं?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एका तरुणाला सुतारकामाच्या कार्यशाळेत पाठवायचंय. सेरेब्रल पाल्सीमुळे उजवा हात आखडलेला, बोलणं सावकाश. पण डाव्या हाताने पॉलिशपेपर असा फिरवतो की बघत राहावं! मागे एकीच्या पत्रात मी फक्त निदान आणि अपंगत्वाची टक्केवारी लिहिली, तर तिला दिवसभर पाकिटं चिकटवायला बसवलं. चूक माझीच.

या वेळी हाताची पकड, सलग किती वेळ बसता येतं, आवाज-धूळ सोसते का, सूचना सांगून कळतात की करून दाखवाव्या लागतात, हे सगळं लिहितोय. लाकूड धरायला क्लॅम्प मिळाला तर एका हाताने बरंच जमतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं कलम २७ अशा वाजवी सोयींबद्दल, म्हणजे कामाच्या जागी गरजेप्रमाणे करून दिलेल्या बदलांबद्दल, बोलतंच, पण पत्रात कलम घातलं की समोरचा बिचकतो, असा माझा अनुभव.

अडलंय ते इथे: त्याला कधीमधी फिट येते. ते लपवणं शक्य नाही, फिरती करवत आहे तिथे. पण नकार येऊ नये म्हणून तुम्ही हे कसं मांडता? आणि आधी चार दिवस येऊन बघू द्या, असं कुणी मागितलंय का?