मदत हवी आहे : कुकीज पुसल्या, तरी पैठणी पाठ सोडेना

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. बहिणीच्या लग्नासाठी एका साइटवर येवल्याच्या पैठण्या पाहिल्या, घेतली एकही नाही. तेव्हापासून बातम्या उघडा, पंचांग उघडा, लासलगावचा कांद्याचा भाव बघा, तीच जांभळी पैठणी समोर! सासूबाईंनी विचारलंसुद्धा, "किती साड्या घेतेस गं?"

वाचून एवढं कळलं की कुकी म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटीशी नोंद. साइटची स्वतःची कुकी आपलं लॉगिन आणि कार्ट लक्षात ठेवते, ती राहू दे. खरी चहाडखोर ती थर्ड पार्टी कुकी. जाहिरातवाल्यांची, एका साइटवरून दुसरीवर आपल्याला ओळखणारी. सफारी (ॲपलचा ब्राउझर) २०२० पासून त्या आपणहून अडवतं. क्रोममध्ये मी प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन ब्लॉक केल्या, जुन्या पुसल्या. लॅपटॉप शांत झाला. मोबाइलच्या ॲप्समध्ये मात्र पैठणी अजून तशीच.

तिथे म्हणे कुकी नाही, अँड्रॉइडचा ॲडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक चालतो. तो डिलीट केल्यावर कुणाचं बँकेचं ॲप किंवा यूपीआय अडलंय का? आणि साइट उघडताना कुकीजची परवानगी मागणाऱ्या 'ॲक्सेप्ट ऑल'च्या पट्टीवर नकाराचं बटण दिसतच नाही, तेव्हा तुम्ही काय करता?

इन्कॉग्निटो (ब्राउझरची खासगी खिडकी) सुचवू नका प्लीज, त्याने मुख्यतः आपल्याच फोनमधली हिस्टरी राहत नाही.