बाबांच्या फोटोतला संगम: निम्मू की खाब?

कोरडवाहू: बाबांच्या पेटीत जुलै 1984 चा एक रंगीत फोटो सापडला. उघडेबोडके डोंगर, दोन नद्यांचा संगम, अलीकडे बाबा आणि त्यांचे दोन मित्र. एक नदी समोरून येते, चहासारखी गढूळ. दुसरी उजवीकडून, हिरवट. मागे बाबांच्या अक्षरात एकच शब्द: 'सिंधू'. माझ्या मते हे लडाखमधलं निम्मू, जिथे झंस्कार सिंधूला मिळते. बाबा आता नाहीत. मला नेमक्या त्या जागी जाऊन उभं राहायचंय, म्हणून खात्री हवी आहे.

घाटवाट: निम्मू नाही. श्रीनगर-लेह रस्त्यावरून हा संगम बघताना तोंड दक्षिणेला असतं. झंस्कार समोरून येते आणि सिंधू डावीकडून, लेहच्या बाजूने. तुमच्याकडे ती उजवीकडून येतेय. हिमाचलच्या किन्नौरमधलं खाब बघा. उत्तरेला तोंड केलं की समोरून स्पिती, उजवीकडून तिबेटातून आलेली सतलज. तंतोतंत जुळतं.

मायबोली_नाशिक: पण बाबांनी स्वतः 'सिंधू' लिहिलंय ना? तिथे उभं राहिलेल्या माणसाचा शब्द खोटा ठरवायला डावं-उजवं पुरेसं नाही.

घाटवाट: ताई, खोटा कोण म्हणतंय? रोल धुऊन यायचा, मग आठवेल तसं लिहायचे. आमच्या अल्बममध्ये बियासच्या फोटोमागे 'रावी' लिहिलंय, तेही माझ्याच आजोबांनी. आणि पाण्याच्या रंगावरही जाऊ नका. तो ऋतूप्रमाणे पालटतो, शिवाय जुने प्रिंट लालसर पडतात.

दगडधोंडे: खाबला घळ अरुंद आहे, दोन्हीकडे सरळसोट कडे. फोटोत नदीच्या वर केवढे रुंद, सपाट टप्पे दिसताहेत! आणि शर्ट बघा. तिघांचेही खिसे उजव्या छातीवर आहेत. पुरुषांच्या शर्टाला खिसा डावीकडे असतो. छापताना निगेटिव्ह पालथी लागलीय. फोटो उलटवला की सिंधू डावीकडे जाते.

घाटवाट: खिशाचं निरीक्षण चांगलंय. पण आरसा धरायचाच म्हटला तर कुठलाही संगम कुठेही बसवता येईल. उलटवल्यावरही टिकेल असा पुरावा द्या.

दगडधोंडे: सावली. फोटो पालथा छापला तर डावं-उजवं बदलतं, पुढचं-मागचं नाही. सावल्या आखूड आहेत, म्हणजे भर दुपार. दोन्ही जागा कर्कवृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला, त्यामुळे दुपारी सूर्य दक्षिणेलाच. निम्मूला कॅमेरा दक्षिणेकडे, सावल्या कॅमेऱ्याकडे येणार. खाबला उत्तरेकडे, सावल्या पाठीमागे जाणार. कोरडवाहू, भिंग घेऊन पायांशी बघा.

कोरडवाहू: बघितलं. तिघांच्याही सावल्या बुटांच्या पुढे, कॅमेऱ्याकडे आल्यात. चेहरे काळवंडलेत तेही त्यामुळेच. मी इतके दिवस प्रिंटला दोष देत होतो.

घाटवाट: मग खाब गेलं, मान्य. निम्मूवर मात्र मी अजून शिक्का मारणार नाही. फोटो उलटवून मागच्या डोंगरांची कड उपग्रहाच्या नकाशावर जुळवा, एकेक शिखर. ती जुळली की खुशाल निघा.

कोरडवाहू: आज रात्री तेच करतो. फोनवर फोटो उलटवला आणि आईला दाखवला. डोंगराकडे तिचं लक्षच नव्हतं. म्हणाली, "भांग आता बरोबर दिसतोय."