मदत हवी आहे: घरच्या रेकॉर्डिंगसाठी जुनाच पीसी सुधारू की नवा घेऊ?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अशोक चौकाजवळ राहतो. नोकरी सांभाळून रात्री घरीच अभंग रेकॉर्ड करतो. रात्रीच का, तर दिवसा माइकमध्ये आधी यंत्रमागांची खडखड येते, माझा आवाज नंतर!

पीसी चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम, साधी हार्डडिस्क. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तबला, पेटी, टाळ, गाणं असे १०-१२ ट्रॅक झाले आणि वर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) टाकला की आवाज तडतडतो. बफर (पीसी एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १०२४ सॅम्पलचा केला की तडतड थांबते, पण ४४.१ किलोहर्ट्झला तेवढ्यानेच २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून आला की ठेका सुटतो. सध्या ऑडिओ इंटरफेसच्या (माइक पीसीला जोडणारं यंत्र) डायरेक्ट मॉनिटरिंगवर, म्हणजे पीसीतून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये येणाऱ्या आवाजावर, वेळ मारून नेतोय.

दुकानदार म्हणतो, ग्राफिक कार्ड टाका. मला काही पटेना, हे काम तर प्रोसेसरचं ना? माझा विचार असा: एसएसडी, १६ जीबी रॅम आणि त्याच बोर्डावर बसणारा सेकंडहँड आय-फाइव्ह. पण एसएसडीने तडतड थांबेल, की फक्त प्रोजेक्ट लवकर उघडेल? शिवाय या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला. मग जुन्यात पैसे घालावेत का? बजेट २५ हजार, ताणून ३०.

आणखी एक. आमच्या उन्हाळ्यात छताचा पंखा बंद करून घामाघूम गातो, तर कॅबिनेटचा पंखा घोंघावू लागतो. पीसीसाठी कमी आवाजाचा कूलर कोणी वापरलाय का? सोलापुरात मिळेल, की पुण्याहून मागवू?