दोन एमआरआयवरून ग्लायोमाचा वेग: कधी उणे, कधी वर्षाला ११ मिमी

निनाद, बडोदा
लो-ग्रेड ग्लायोमा (मेंदूतली हळू वाढणारी गाठ), अजून ऑपरेशन किंवा रेडिएशन नाही. इथल्या दोन सेंटरचे एमआरआय आहेत, एक मशीन १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद), दुसरं ३. फ्लेअरची (गाठ उजळ दाखवणारा एमआरआयचा प्रकार) स्लाइस ५ मिमी, स्कॅनमध्ये तीन महिन्यांचं अंतर. बायॉप्सी न करता गाठ किती वेगाने, कुठल्या बाजूला वाढेल ते काढायचंय. एकाच रुग्णाचा वेग एकदा उणे येतो, एकदा वर्षाला ११ मिमी. चुकतंय कुठे?

रेडिओ_मांडवी
वाढीचं गणिती मॉडेल नंतर, आधी स्कॅनमधलं अंतर बघा. उपचार न झालेल्या अशा गाठीचा व्यास वर्षाला सरासरी ४ मिमी वाढतो, म्हणजे तीन महिन्यांत १ मिमी. आणि स्लाइसच ५ मिमीची! गाठ आखताना टोकाला एक स्लाइस जास्त रंगवली की सगळी वाढ त्यात बुडाली. थ्रीडी फ्लेअर, १ मिमी, तेच मशीन, निदान सहा महिन्यांचं अंतर, एवढं हवंच.

व्यास पट्टीने मोजू नका. मिलीतलं घनफळ दुप्पट करून घनमूळ घ्या, व्यास सेंमीत येतो. ३२ मिलीचे ४० मिमी, ३७ मिलीचे जवळजवळ ४२. डोळ्यांना दोन्ही स्कॅन सारखेच वाटतात, पण सहा महिन्यांत २ मिमी वाढ झालेली असते.

मानसी_इंदूर
स्कॅन एकमेकांवर बसवताना फक्त रिजिड रजिस्ट्रेशन (नुसतं सरकवणं-फिरवणं, आकार न बदलता) वापरा. नॉन-रिजिड लावलं की ते गाठच ओढून जुन्या मापात बसवतं आणि वाढ पुसली जाते. मास्क (गाठीचा रंगवलेला भाग) नव्या जाळीवर रीसॅम्पल करताना निअरेस्ट नेबर, म्हणजे सर्वांत जवळच्या बिंदूची किंमत घ्या.

निनाद, बडोदा
मॅडम, दोन स्कॅनवरून मॉडेलमधले डी (पेशी पसरण्याचा दर) आणि रो (पेशी वाढण्याचा दर) दोन्ही निघतील ना?

मानसी_इंदूर
नाही. कडेचा वेग = २√(डी × रो). त्रिज्या वर्षाला २ मिमी वाढली तर गुणाकार १, इतकंच कळतं. पेशी पसरतात जास्त की वाढतात जास्त, हे त्यातून सुटत नाही. हाय-ग्रेडमध्ये (वेगाने वाढणाऱ्या गाठींत) कॉन्ट्रास्टची (शिरेतून दिलेल्या औषधाने उजळणारी) कड आणि फ्लेअरची कड यांतल्या अंतरावरून डी-रोच्या गुणोत्तराचा अंदाज बांधतात. तुमच्या बहुतेक गाठी कॉन्ट्रास्ट घेणारच नाहीत. तेव्हा वेग सांगा, डी-रोचे वेगळे आकडे देऊ नका. दिशेसाठी मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात डी राखाडी द्रव्याच्या ५ पट धरायची रीत आहे; व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीत) शून्य.

रेडिओ_मांडवी
‘बायॉप्सी न करता’ हे वेगापुरतंच ठेवा, निनाद. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या वर्गीकरणात प्रौढांच्या ग्लायोमाचा प्रकार ठरवायला आयडीएच (एका जनुकातला बदल) लागतं, ऑलिगोसाठी (ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या प्रकारासाठी) १पी/१९क्यूही (गुणसूत्रांचे दोन भाग गळालेत का ते). ते टिश्यूतच (गाठीच्या तुकड्यातच) बघतात. आणि प्रत्येक मास्क आठवड्याने पुन्हा काढा. दोन वेळच्या मापांतला फरक वेगाशेजारी लिहूनच न्यूरोसर्जनकडे पाठवा.